फरचा कोट, त्यातली चिप आणि काही महिन्यांची शुल्कसवलत

जानेवारीतली मॉस्कोची मेट्रो डोळ्यांसमोर आणा. डब्यात तीन बायका उभ्या आहेत आणि तिघींच्या अंगात मिंकचा, म्हणजे मुंगसासारख्या एका छोट्या प्राण्याच्या फरचा कोट आहे. रंग तोच, लांबी तीच, किंमतही साधारण तीच. पहिलीने तो मोठ्या दुकानातून घेतला. दुकानदाराने तो चीनहून रीतसर मागवला, आयात शुल्क भरलं, वर व्हॅट भरला. दुसरीने बाजारातल्या गाळ्यावरून घेतला. तो गठ्ठ्यातून आला आणि कागदावर त्याची किंमत खऱ्याच्या एक दशांश दाखवलेली होती. तिसरी सुट्टीला ग्रीसला गेली होती. तिथल्या कास्टोरिया गावात तिने कोट घेतला, अंगात घातला आणि विमानात बसली. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी १०,००० युरोपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येतात. तिचं शुल्क शून्य.

कायद्याच्या पुस्तकात मात्र या कोटावरचा दर एकच लिहिलेला असतो. प्रत्यक्षात तो पूर्ण भरते एकटी पहिली.

‘फरच्या कपड्यांवरचं आयात शुल्क तात्पुरतं कमी’ असं वाचलं की मनात येतं, श्रीमंतांचे लाड करायला सरकारला बरा वेळ मिळतो! हा राग समजण्यासारखा आहे, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी पडतो. अशी सवलत कोट घालणारीसाठी कमी आणि दुसऱ्या बाईला कोट विकणाऱ्या गाळेवाल्यासाठी जास्त असते. त्याने चोरवाट सोडून समोरच्या दाराने यावं म्हणून दिलेलं ते आमिष असतं. आमिष कधी लागू पडतं आणि कधी फुकट जातं, हे कळायला थोडं गणित लागेल, पण शाळेतल्यापेक्षा अवघड नाही.

आधी ‘फरचे कपडे’ म्हणजे काय ते पाहू, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. जगभरचं कस्टम्स मालाला आकड्यांनी ओळखतं. कच्ची फरची कातडी ४३०१, कमावलेली कातडी ४३०२, त्यांपासून शिवलेले कपडे आणि इतर वस्तू ४३०३, आणि कृत्रिम फर ४३०४. मेंढीच्या कातड्याचा कोट, ज्यात लोकर आतल्या बाजूला आणि चामडं बाहेर असतं, तोही ४३०३ मध्येच जातो, कारण लव न काढता कमावलेलं कुठलंही कातडं या हिशेबात फरच. पण जाड कापडाच्या जाकिटाला नुसती फरची कॉलर असेल तर ते जाकीट कापडी कपड्यांत मोजलं जातं. अस्तर पूर्ण फरचं असेल तर मात्र पुन्हा ४३०३. त्यामुळे गठ्ठा उघडणाऱ्या अधिकाऱ्याला सांगायच्या थापा आधीच तयार असतात: ‘साहेब, ही नकली फर आहे’, नाहीतर ‘ही नुसती किनार आहे’. फरचा जाणकार लव फुंकून आणि तळाचं कातडं बघून क्षणात खरं काय ते सांगेल. प्रत्येक नाक्यावर असा जाणकार मात्र बसलेला नसतो.

दर ठरवतो कोण? रशिया एकटा नाही. रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किर्गिझस्तान हे पाच देश युरेशियन आर्थिक संघात आहेत. संघ १ जानेवारी २०१५ला सुरू झाला, आर्मेनिया दुसऱ्या दिवशी आत आला आणि किर्गिझस्तान १२ ऑगस्ट २०१५ला. पाचही देशांना बाहेरून येणाऱ्या मालावर साधारण एकच दरपत्रक लागू असतं आणि ते मॉस्कोतला युरेशियन आर्थिक आयोग ठरवतो. एकदा माल कुठल्याही एका देशात शुल्क भरून शिरला की पुढे पाचही देशांत मोकळा फिरतो. मधे कस्टम्सचं नाकं नाही.

या व्यवस्थेतली एक गंमत फारशी कुणी सांगत नाही. शुल्क कुठेही गोळा झालं तरी ते ठरलेल्या हिश्शाने पाचांत वाटलं जातं. सुमारे ८५ टक्के रशियाला जातं, किर्गिझस्तानला १.९ टक्के. म्हणजे किर्गिझ नाक्यावर कुणी डोळ्यांत तेल घालून १०० युरो वसूल केले, तर त्याच्या देशाच्या तिजोरीत १.९० युरो पडणार. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकजवळ दोर्दोई नावाचा अवाढव्य बाजार आहे. मालवाहू कंटेनर एकावर एक रचून त्याचे गाळे केलेत आणि चीनचा माल तिथून मध्य आशियात आणि रशियात जात आला आहे. नाक्यावरच्या त्या माणसाने कोटाची किंमत खरी आहे का हे तपासण्यात रात्र घालवावी, अशी अपेक्षा करणं जरा जास्तच होईल.

आता गणित. खालचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत, पण रचना खरी आहे. अशा मालावर बऱ्याचदा ‘मिश्र’ शुल्क लावतात: किमतीच्या इतके टक्के, पण नगामागे अमुक युरोपेक्षा कमी नाही. समजा, १० टक्के, पण किमान ३० युरो.

पहिल्या बाईच्या दुकानदाराने १,००० युरोचा कोट आणला. शुल्क १०० युरो. व्हॅट हा किंमत अधिक शुल्क यांच्या बेरजेवर लागतो. रशियात २०१८ अखेरपर्यंत तो १८ टक्के होता, म्हणजे १,१०० वर १९८ युरो. एकूण २९८.

गाळेवाल्याने तोच कोट १०० युरोचा म्हणून दाखवला. दहा टक्क्यांनी १० युरो होतात, पण किमान अट आडवी येते, म्हणून ३०. व्हॅट १३० वर, २३.४०. एकूण ५३.४०. दोघांत फरक २४४.६० युरोचा. एवढ्या फरकावर वाहतूकदार, कागदं करून देणारा, डोळेझाक करणारा, सगळे जगतात आणि तरीही कोट स्वस्त पडतो.

आता शुल्क निम्मं केलं, ५ टक्के. प्रामाणिक दुकानदाराचं शुल्क ५०, व्हॅट १,०५० वर १८९, एकूण २३९. गाळेवाला मात्र किमान अटीमुळे ५३.४० वरच. फरक १८५.६० वर आला. कमी झाला, पण संपला नाही. शुल्क शून्य केलं तरी प्रामाणिक दुकानदाराच्या डोक्यावर १८० युरोचा व्हॅट राहतोच. म्हणजे नुसती शुल्कसवलत देऊन चोरटी आयात थांबेल असं कुणी म्हणालं, तर त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्यावी.

मग सवलतीचा उपयोग काय? इथे व्हॅट आणि आयात शुल्क यांच्यातला एक फरक कळीचा आहे. नोंदणी केलेला व्यापारी आयातीवर भरलेला व्हॅट पुढे विक्रीवरच्या व्हॅटमधून वजा करून घेतो. त्याच्यासाठी ते काही काळ अडकलेले पैसे असतात, गेलेले नसतात. शुल्क मात्र गेलं ते गेलं, कुठूनही परत मिळत नाही. त्यामुळे जो पूर्णपणे कायद्याच्या साखळीत आहे, त्याला १९८ युरोच्या व्हॅटपेक्षा १०० युरोचं शुल्क जास्त बोचतं. ते ५० झालं की त्याच्या नफ्यात थेट ५० युरो पडतात. जो साखळीच्या बाहेर आहे त्याला यातलं काही नको असतं, कारण त्याला विक्रीच दाखवायची नसते. ठरावीक अंदाजाने कर भरणाऱ्या लहान दुकानदारांना तर आयातीवरचा व्हॅट वजाही करता येत नसे. फरच्या कपड्यांच्या किरकोळ विक्रीला रशियाने १ जानेवारी २०२०पासून ती अंदाजी करपद्धत बंद केली.

थोडक्यात, सवलतीचा फायदा साखळीत आलेल्यालाच होतो. मग बाहेरच्याला आत ओढायचं कसं? त्यासाठी दुसरं हत्यार लागतं, ते म्हणजे चिप.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्वदच्या दशकात रशियात लाखो लोकांनी पिशव्या उचलल्या. शिक्षक, अभियंते, नर्सेस आगगाडीने, बसने चीन, तुर्कस्तान, पोलंड गाठायचे आणि जमेल तेवढे कपडे खांद्यावरून आणून विकायचे. रशियनमध्ये त्यांना ‘चेल्नोक’ म्हणत, म्हणजे मागावरचा धोटा, सतत इकडून तिकडे फिरणारा. फर, चामडं, जीन्स, सगळं याच वाटेने यायचं. पुढे पिशव्यांचे गठ्ठे झाले, गठ्ठ्यांचे कंटेनर झाले आणि मॉस्कोचा चेर्किझोव्स्की हा प्रचंड बाजार उभा राहिला. जून २००९ मध्ये तो बंद केला गेला. बाजार बंद झाला, पण वाटा तोंडपाठ असलेली माणसं तीच राहिली. ही सवय एका पिढीच्या पोटापाण्याची आहे. ती तोडायची तर दंडुका हवा, हे खरंच, पण नुसता दंडुका उगारला की माल आणखी खोल दडतो.

युरेशियन संघातल्या पंतप्रधानांनी ८ सप्टेंबर २०१५ला बेलारूसमधल्या ग्रोदनो शहरात एक करार केला आणि १२ ऑगस्ट २०१६पासून खऱ्या फरच्या कपड्यांवर ओळखचिन्ह सक्तीचं झालं. हे चिन्ह म्हणजे छोटी पट्टी. तिच्यात रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप आणि प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक. संघात शिवलेल्या कोटाला हिरवी, बाहेरून आलेल्याला लाल. पट्टीशिवाय कोट विकणं बेकायदा ठरलं. आयात झाला, घाऊकवाल्याकडून किरकोळवाल्याकडे गेला, गिऱ्हाइकाने विकत घेतला, या प्रत्येक टप्प्याची नोंद कर खात्याच्या यंत्रणेत होऊ लागली. गिऱ्हाईक स्वतःही क्रमांक तपासून फर कसली आहे, कुठून आली हे पाहू शकत होतं. आधीपासून गोदामात पडलेला मालही पट्टी लावूनच विकायचा होता.

झालं असं, की यंत्रणा सुरू झाल्यावर नोंदवलेल्या कोटांची संख्या पूर्वीच्या अधिकृत आयात-उत्पादनाच्या कितीतरी पट निघाली. कोट आधीही होते, रस्त्यावर दिसत होते, कपाटांत टांगलेले होते. फक्त कागदावर नव्हते.

आता दोन हत्यारं एकत्र ठेवून बघा. चिपमुळे चोरवाट महाग होते, कारण पट्टीविना कोट दुकानात टांगणं जोखमीचं आणि पट्टी हवी तर आयातीची कागदं हवीत. शुल्कसवलतीमुळे सरळ वाट स्वस्त होते. गाळेवाल्याचं मन दोन्हीकडून ढकललं जातं. नुसती चिप आणली असती तर बरेच छोटे विक्रेते धंदाच सोडून गेले असते किंवा आणखी खाली दडले असते. नुसतं शुल्क कमी केलं असतं तर जे आधीच प्रामाणिक होते त्यांना बक्षीस मिळालं असतं आणि बाकीचे जागचे हलले नसते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच जोडगोळी आहे. त्यामुळे कुठल्याही देशाने अशी सवलत जाहीर केली की मी आधी शोधतो, सोबत माल ओळखण्याची काही सोय केली आहे का. नसेल तर ती सवलत आधीपासून रीतसर आयात करणाऱ्यांच्या गल्ल्यात जाऊन बसते.

मिश्र शुल्कातला कुठला भाग कमी करता यावरही बरंच अवलंबून असतं. सशाच्या फरचं ६० युरोचं जाकीट घ्या. दहा टक्के म्हणजे ६ युरो, पण किमान अट ३० ची, म्हणजे प्रत्यक्षात निम्मी किंमत शुल्कात. मिंकच्या कोटावर १० टक्के आणि सशाच्या जाकिटावर ५०! गरिबाच्या उबेवर जास्त कर, असा उलटा न्याय यातून होतो. टक्के कमी केले आणि किमान अट तशीच ठेवली, तर सशाच्या जाकिटाला दमडीचाही फायदा नाही. मधल्या ४०० युरोच्या कोटाला अर्धवट फायदा: १० टक्क्यांनी ४० होत होते, ५ टक्क्यांनी २० व्हायला हवेत, पण अट ३० वर अडवते. उलट टक्के तसेच ठेवून किमान अट उतरवली, तर स्वस्त माल सुटतो आणि मिंकवाल्याला काही मिळत नाही. पण किमान अट ही किंमत पाडून दाखवणाऱ्यांविरुद्धची शेवटची भिंतही असते. वरच्या उदाहरणात तिनेच गाळेवाल्याकडून १० ऐवजी ३० वसूल केले. ती पाडायची असेल तर आधी चिप नीट चालायला हवी.

त्यात ही किमान अट युरोत, आणि गिऱ्हाइकाचा पगार रूबलमध्ये. २०१४च्या सुरुवातीला एका युरोला साधारण ४५ रूबल पडत होते, जानेवारी २०१६ मध्ये ९० च्या आसपास. दरपत्रकात कुणी एक अक्षर बदललं नाही, तरी रूबलमध्ये मोजलं तर नगामागचं शुल्क भडकलं. कोट तर आधीच महागला होता. अशा वेळी शुल्क खाली आणण्याला साधा हिशेबी अर्थही आहे: चलन घसरल्यामुळे जे न ठरवता वाढलं, ते थोडं मागे घ्यायचं.

मग कायमचंच का कमी करत नाहीत? कारण देशात फर शिवणारे लोक आहेत. रशियाच्या दक्षिणेत प्यातिगोर्स्कच्या परिसरात फर शिवणारे अनेक छोटे कारखाने आहेत, किरोव प्रांतातल्या स्लोबोद्स्कॉयमध्ये जुना उद्योग आहे. सायबेरियाचा इतिहासच फरवर उभा आहे. तिथले लोक झारला ‘यासाक’ नावाची खंडणी सेबल या छोट्या प्राण्याच्या कातड्यांत भरायचे. या लोकांचा आयात स्वस्त करायला विरोध असणार आणि त्यांचं म्हणणं वरवर दिसतं त्यापेक्षा बळकट आहे.

समजा १,००० युरोच्या कोटात ६०० युरोची कातडी लागते आणि ती बाहेरून आणावी लागते. कातडीवर ५ टक्के शुल्क, म्हणजे स्थानिक शिवणाऱ्यावर ३० युरोचा भार. तयार कोटावर १० टक्के, म्हणजे परदेशी स्पर्धकावर १०० युरोचा भार. स्थानिकाला ७० युरोची आघाडी मिळते. त्याचं स्वतःचं काम, म्हणजे शिवण, मजुरी, नफा हे सगळं ४०० युरोचं, म्हणून त्याच्या कामावर खरं संरक्षण साडेसतरा टक्के. आता कोटाचं शुल्क ५ टक्के करा आणि कातडीला हात लावू नका. परदेशी स्पर्धकावर ५०, स्थानिकावर ३०, आघाडी २० युरोची. संरक्षण साडेसतरावरून ५ टक्क्यांवर! शुल्क ‘निम्मं’ झालं असं बातमी सांगते, पण शिवणाऱ्याचं छत्र जवळजवळ पाऊण गेलं. म्हणून अशा निर्णयात कातडीचं, म्हणजे ४३०१ आणि ४३०२ या ओळींचं काय केलं हे न बघता मत बनवू नये.

तात्पुरती मुदत हा या दोन बाजूंमधला समझोता असतो. कारखानदाराला सांगता येतं, ‘एक-दोन हंगाम सोसा, चोरटा माल हटला की तुमचाच बाजार वाढेल.’ यात तथ्यही आहे, कारण त्याचा खरा शत्रू १०० युरो शुल्क भरलेला कोट नव्हताच, ५३ युरोत सुटलेला कोट होता. शिवाय संघात पाच सरकारांना राजी करायचं असतं आणि मुदत असलेल्या गोष्टीला होकार मिळणं सोपं जातं.

बहुतेक फर फार्मवर पाळलेल्या प्राण्यांपासून येते आणि ती स्वस्त करणं अनेकांना मुळातच पटत नाही, हेही इथे सांगायला हवं. इस्राएलने २०२१ मध्ये फॅशनसाठी फर विकण्यावरच बंदी आणली. डेन्मार्कने नोव्हेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने देशातले सगळे मिंक मारले, कोटीच्या वर. त्या वादाला शुल्काचं गणित उत्तर देत नाही. पण चोरट्या वाटेने येणाऱ्या कोटातला प्राणी कुठे आणि कसा वाढला हे कुणालाच शोधता येत नाही, एवढं खरं.

मुदतीची खरी परीक्षा तारखांत होते. दर कुठला लागणार हे माल कधी निघाला यावर ठरत नाही, तर कस्टम्सकडे घोषणापत्र कधी नोंदलं यावर ठरतं. सवलत १ तारखेपासून असेल, तर आधीच्या महिन्यात आलेला माल व्यापारी सीमाशुल्क गोदामात ठेवून देतो, कारण गोदामातून सोडवेपर्यंत शुल्क भरावं लागत नाही. मग आकडेवारीत आधी आयात कोसळल्यासारखी दिसते आणि नंतर उसळल्यासारखी. सवलत संपायच्या आधी पुन्हा तसंच, पुढच्या हिवाळ्याचा मालही आत्ताच सोडवला जातो. त्या उसळीकडे बोट दाखवून ‘बघा, सवलतीचं यश’ म्हणणारा अधिकारी आणि मुदतीनंतरच्या पडझडीकडे बोट दाखवून ‘बघा, शुल्क वाढवल्याचा फटका’ म्हणणारा व्यापारी, दोघेही एकाच मालाबद्दल बोलत असतात.

आणि फरचा धंदा हंगामी. कातड्यांची खरेदी हिवाळा-वसंतात, शिवण उन्हाळ्यात, आयात ऑगस्टपासून, विक्री थंडी पडली की. ऑगस्टमध्ये सुरू झालेली सवलत कारखान्याशी भाव ठरवताना उपयोगी पडते. तीच डिसेंबरात जाहीर केली, तर कोट केव्हाच दुकानात टांगलेले असतात, जुन्या दराने शुल्क भरलेले, आणि गिऱ्हाइकाला किमतीत काडीचाही फरक दिसत नाही. उलट ती मार्चमध्ये संपली तर कुणाला कळतही नाही. तेव्हा विकायला फक्त उरलासुरला माल असतो आणि दुकानदार तो पडत्या भावात काढून टाकण्याच्या घाईत असतो.